मोटारीला गूळ-चुना

लग्न होऊन मी सांगलीहून उंब्रजला आले, तेव्हा सासरी सगळ्यांत जास्त लाड मोटारीचे होते. तिच्या खालोखाल म्हशीचे. सुनेचा नंबर त्यानंतर कधीतरी लागायचा. लढाई नुकतीच संपली होती. लढाईत पेट्रोल मिळेना म्हणून मोटारीच्या पाठीला कोळशाच्या गॅसची भट्टी जोडली होती, ती आता काढून टाकली होती. पेट्रोलची कुपनं मिळू लागली होती आणि मोटार नवा निळा रंग लावून पुन्हा उतारू घेऊन उंब्रज-सातारा जाऊ लागली होती. सकाळी एक खेप, दुपारी एक. चालवायचे आमचे हे. मालकी मामंजींची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची.

मोटार घेण्याआधी मामंजी गुळवे होते. रस उकळून गूळ कधी उतरवायचा हे त्यांना कढईकडे नुसतं बघून कळायचं, म्हणून चार गावांची गुऱ्हाळं त्यांना बोलावणं धाडायची. मोटारीतलं त्यांना काही म्हणता काही कळत नव्हतं, पण ती देवी आहे एवढं मात्र पक्कं माहीत होतं. रोज सकाळी अंघोळ करून ते मोटारीपुढं उभे राहायचे, बॉनेटला हळदकुंकू लावायचे आणि दोन उदबत्त्या पेटवून बॉनेटच्या फटीत खोवायचे. त्या तिथं जळत असतानाच आमचे हे हँडल मारायचे. मला हा प्रकार पहिल्या दिवसापासून आवडला नव्हता. पण नव्या सुनेच्या आवडीनिवडी विचारायला कुणाला वेळ होता?

माझं नाक माहेरी दोन गोष्टींसाठी प्रसिद्ध होतं. एक म्हणजे त्याच्या शेंड्यावर राग असायचा आणि दुसरं, त्याला वास फार लवकर कळायचा. वडील सांगलीत हळदीचे व्यापारी. पोतं न उघडता, नुसतं जवळून गेलं तरी आतली हळद ओलसर आहे की खडखडीत वाळलेली, हे मी सांगायची. वडिलांनी ह्या नाकाचं कौतुक केलं होतं. सासरी मात्र त्याचा कुणाला काही उपयोग दिसत नव्हता, उलट माशांच्या कालवणाला मी नाक मुरडते अशी तक्रार होती.

लग्नानंतर दुसऱ्या पावसाळ्याच्या शेवटी मला मोटारीपाशी पेट्रोलचा वास येऊ लागला. थोडा वास मोटारीला असायचाच, तो मला पाठ झाला होता. हा नवा होता. रात्री पेट्रोलची तोटी बंद असायची तेव्हा यायचा नाही. सकाळी ह्यांनी तोटी सोडली की थोड्या वेळानं इंजिनाच्या उजव्या अंगाकडून यायचा. आणि नेमक्या त्याच वेळी मामंजी उदबत्त्या खोवायला यायचे.

त्यातच एका दुपारी मी ह्यांना पेट्रोल भरताना पाहिलं. मला वाटायचं, टाकी मागं कुठंतरी असेल. ह्यांनी ड्रायव्हरची गादी उचलली, खालच्या पत्र्याचं झाकण फिरवलं, नरसाळं लावलं आणि डबा ओतला. मग गादी परत ठेवली आणि तिच्यावर आरामात बसले. मी पदर तोंडाशी धरून तशीच उभी राहिले. माझा नवरा रोज दोनदा पेट्रोलच्या टाकीवर बसून साताऱ्याला जातो, पुढं पेट्रोल ठिबकतं आणि सासरे तिथं उदबत्ती लावतात. तेव्हापासून मोटार वळणाआड गेली की ती परत दिसेपर्यंत माझं कामात लक्ष लागायचं नाही. दोनदा आमटीत मीठ दोनदा पडलं.

मी सासूबाईंना सांगितलं. "आत्याबाई, मोटारीपाशी पेट्रोलचा वास येतोय."

"मग काय मोगऱ्याचा यील व्हय?" त्या भाकरी थापता थापता म्हणाल्या.

ह्यांना सांगणं त्याहून अवघड. चारचौघांत नवऱ्याशी बोलायची रीत नव्हती. जेवायला वाढताना मी सासूबाईंकडे बघून बोलायची, हे ते ऐकायचे आणि भाकरीकडे बघून उत्तर द्यायचे. अशा रीतीनं मी सांगितलं की मोटारीचं काहीतरी गळतंय. ह्यांनी भाकरीला सांगितलं की नळीचा जोड जुना झाला आहे. लढाईच्या दिवसांत ती तांब्याची नळी नुसती पडून होती, परत बसवताना नटाचे आटे घासले गेले आहेत, सातारच्या मिस्त्रीला दाखवीन. ह्यांचं हे 'दाखवीन' मला चांगलं ठाऊक होतं. माझ्या ट्रंकेची कडीसुद्धा ते वर्षभर दाखवणार होते.

मामंजींशी बोलायचा तर प्रश्नच नव्हता. लग्न झाल्यापासून ते माझ्याशी एक अक्षर बोलले नव्हते. राग नव्हता, रीत होती. घरात येताना ते दारातच खाकरायचे, मी आत सरकायची. काही हवं असलं तर भिंतीला सांगायचे, "पाणी पायजे," आणि भिंतीच्या वतीनं मी तांब्या ठेवायची.

ह्यांचं भाकरीशी झालेलं बोलणं मामंजींनी मात्र ऐकलं असावं. खंडेनवमीला तीन दिवस होते. मी परसात राखेनं भांडी घासत होते. मामंजी हातात वाटी घेऊन चोरपावलांनी मोटारीकडे गेले. इकडं तिकडं बघितलं, बॉनेटचा पंखा, म्हणजे बाजूचं झाकण, उचलला आणि वाटीतलं काहीतरी बोटानं आत लिंपू लागले. जाताना वाटी भांड्यांच्या ढिगावर ठेवून गेले. मी पाहिलं तर वाटीला गूळ आणि चुना. गळक्या घागरीला, तडा गेलेल्या हौदाला आमच्याकडे गूळ-चुना लावतात, आणि तो वाळला की दगडासारखा होतो. गुळव्याचा गुळावर विश्वास असायचाच. सणाच्या तोंडावर मोटार मिस्त्रीकडे जाऊन पडू नये, म्हणून त्यांनी आपल्या परीनं तिचं औषधपाणी केलं होतं.

आणि खरं सांगते, गळती थांबली. दोन दिवस वास आला नाही. हे जेवताना म्हणाले, "थांबलं की आपोआप. काय बाई एकेकाचं नाक." एकीकडे जोडाला काय लावलंय ते मला माहीत, दुसरीकडे सुनेनं सासऱ्याची चहाडी नवऱ्याकडे कशी करायची? आणि करून सांगायचं तरी काय, तुमच्या वडिलांनी इंजिनाला पुरणाची तयारी करून ठेवली आहे म्हणून? मोटारीच्या चाकावरून मुंग्यांची एक रांग वर चढत होती. ती मी ह्यांना दाखवली. ते म्हणाले, पाऊस येणार असेल.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा. लोहार ऐरण पुजतो, शेतकरी नांगर, आम्ही मोटार. सकाळीच मोटार कृष्णेवर नेली. एरवी वरून पाणी मारायचे, पण त्या दिवशी देवीला अंघोळ घालायची म्हणून मामंजींनी बॉनेट उघडायला लावलं आणि आतसुद्धा बादल्या मारल्या. मग मोटार सुरू होईना. हँडल मारून मारून हे घामाघूम झाले, शेवटी आठ माणसांनी ढकलत दारात आणली. ऊन खाऊन ती वाळली, झेंडूच्या माळा चढल्या, पुढं रांगोळी झाली. आळीतले सगळे जमले.

मी सोप्यात ताट लावत होते. निरांजन, कापूर, खोबरं. हातात कापराची डबी होती, तरी कापरावरून मला पेट्रोलचा वास आला. इतका की ताट खाली ठेवावं लागलं.

"आत्याबाई, कापूर नको," मी म्हटलं. "नुसतं हळदकुंकू करू."

"खुळी का काय तू? सणाला कापूर न्हाई?"

"पेट्रोल गळतंय."

"तुजं आपलं सारकं नाक," म्हणत त्या ताट घेऊन गेल्यासुद्धा.

दारातून मला सगळं दिसत होतं. आरतीच्या वेळी इंजिन चालू पाहिजे आणि घंटेऐवजी भोंगा वाजला पाहिजे, ही मामंजींची स्वतःची रीत. म्हणून हे नवी टोपी घालून गादीवर, म्हणजे टाकीवर, बसलेले. बॉनेटचे दोन्ही पंखे वर. मोटार धडधडत होती, हे भोंगा दाबत होते, माणसं टाळ्या वाजवत होती. मामंजींनी कापूर पेटवला. मोटारीच्या तोंडाला ओवाळलं, दिव्यांना ओवाळलं. आणि मग देवीचं मुख्य अंग राहायला नको, म्हणून उजवीकडे गेले आणि ताट इंजिनाखाली धरून ओवाळू लागले.

ठिबकणारं पेट्रोल ताटात पडलं. भप् असा आवाज झाला आणि निळी-पिवळी ज्योत नळीला धरून वर चढली.

"आई परसन्न झाली!" कुणीतरी ओरडलं. दोघांनी हात जोडले. एकानं नारळ फोडला. मामंजींच्या भुवया जळत होत्या, पण आरती अर्ध्यावर सोडायची नाही म्हणून ते ओवाळतच होते. आणि बॉनेटचा पंखा आडवा आल्यामुळे ह्यांना काही दिसत नव्हतं. ते एका तालात भोंगा वाजवत होते.

मी कशी धावले ते मला आठवत नाही. मोटार पुसायला घेतलेलं ओलं गोणपाट बादलीत पडलं होतं, ते उचललं. पदर डोक्यावरून खाली आला होता. सगळ्या आळीसमोर, सासऱ्यासमोर, मी जिंदगीत पहिल्यांदा नवऱ्याला हाक मारली.

"अहो, उतरा खाली!"

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. आणि काय करावं? बायको चारचौघांत ओरडली म्हणून घाबरून वडिलांकडे पाहिलं. उतरू का, म्हणून परवानगी मागत होते. खाली टाकी भरलेली! मला इतका राग आला की त्या आगीपेक्षा मीच जास्त पेटले असेन.

"तिकडं काय बघता? पेटलंय! उतरा!"

तेव्हा ते उतरले, आणि रोजच्या सवयीनं उतरता उतरता इंजिन बंद करून गादीखालची तोटीही फिरवली. त्यांची तेवढी एक सवय त्या दिवशी कामाला आली. मी ओलं गोणपाट इंजिनावर टाकलं आणि दाबून धरलं. कडेनं ज्वाला निघत होती, तिच्यावर परसातली राखेची पाटी आणून ओतली. नळीतलं होतं नव्हतं तेवढं जळून गेलं आणि आग विझली. टाळ्या केव्हाच थांबल्या होत्या. हळदकुंकू, झेंडू, चिखलाचं गोणपाट आणि खरकट्या भांड्यांची राख, अशी ती देवी उभी होती. मी रडायला लागले. हे जिवंत होते म्हणून मी रडत होते, आणि लोकांना वाटलं, मोटार बाटवल्याचा पश्चात्ताप झाला.

गावात दोन पक्ष पडले. एक म्हणे, सुनेनं मोटार वाचवली. दुसरा म्हणे, देवीवर खरकटी राख टाकणारी सून घरात ठेवू नये. मामंजी कुठल्या पक्षात आहेत हे कळायला मार्ग नव्हता. बिनभुवयांचे ते ओट्यावर बसून राहायचे. त्यांच्या चेहऱ्यावर काय आहे ते भुवयांशिवाय वाचता येत नव्हतं. सासूबाई मला हळूच म्हणाल्या, "माहेरची ट्रंक भरून ठिव. सांगता येत न्हाई." ट्रंकेला कडी नव्हती, ती सुतळीनं बांधून ठेवली.

दसऱ्यानंतर साताऱ्याहून मिस्त्री आला. लढाईत लष्कराच्या गाड्या दुरुस्त करून आलेला, बोलण्यात निम्मं हिंदी. त्यानं बॉनेट उघडलं, राख फुंकली, जोडावर बोट फिरवलं, बोट जिभेला लावलं आणि आ वासून आमच्याकडे बघत राहिला.

"ये तो गूळ हाय!"

आम्ही सगळे पुढं वाकून बघायला लागलो.

"हितं गूळ-चुना कुनी भरला? मुंग्या बगा कशा जेवाय बसल्यात." त्यानं नट आवळायच्या पान्यानं एक खपली पाडली. "आता ह्यात आक्कल बी हाय हां. गूळ पेट्रोलात विरगळत न्हाई, त्यामुळं दोन दिस थांबलं आसंल. पर पान्यात विरगळतो की! तुमी मोटार धुतली, तवा पान्यानं गूळ गेला, ऱ्हायलं भोक. आन् हौद जाग्यावर आसतो, मोटार सारकी थरथरती. तिथं चुना टिकंल व्हय? कुनी केलं हे?"

हे माझ्याकडे बघायला लागले. घरातला गूळ-चुना बायकांच्या हाताखालचा, म्हणजे संशय माझ्यावर. सासूबाईही माझ्याकडे बघत होत्या. मामंजी आभाळात काही दिसतंय का बघत होते. माझ्या जिभेवर उत्तर आलं होतं आणि माझी जीभ काही फार धरून ठेवणाऱ्यांतली नाही. पण त्या बिनभुवयांच्या तोंडाकडे मी पाहिलं आणि मला बोलवेना. मी खाली मान घालून म्हटलं, "झालं ते झालं. पुन्हा होऊ नये म्हणून काय करायचं ते सांगा."

मिस्त्रीनं नळीचं झिजलेलं टोक कापलं, नवं तोंड फुगवून गोल केलं, नवा नट बसवला. दोन पाने घेतले, एकानं खालचा भाग धरला आणि दुसऱ्यानं नट आवळला, नाहीतर नळीच पिळून निघते म्हणाला. फार आवळायचंही नाही, आटे जातात. नळी हलून घासू नये म्हणून तिला मध्ये पट्टी मारली. मग ह्यांना समोर उभं करून लष्करातल्यासारखं बजावलं. सकाळी इंजिन गार असताना तोटी सोडायची, जोड कोरड्या फडक्यानं पुसायचा, थोडं थांबायचं, मग बोट फिरवायचं आणि वास घ्यायचा. बोट ओलं झालं तर गाडी हलवायची नाही. विडी, उदबत्ती, कापूर, सगळं लांब.

"आन् वासाचं काम ह्या ताईंना द्या," गळतीचा वास आधी मला आला होता हे ह्यांच्याकडून ऐकून तो म्हणाला. "तुमच्यापरास त्यांचं नाक तयार हाय."

अशी मी मोटारीच्या नोकरीला लागले. रोज सकाळी पदर खोचून जोड पुसायचा, थांबायचं, हुंगायचं. उतारू बाहेर ताटकळायचे. "वैनींनी वास घेतला का?" असं विचारल्याशिवाय पुढंपुढं कुणी आत चढेना. एक बाई तर माझ्या नाकावर विश्वास ठेवून वडूजहून सरळ साताऱ्याला जायचं सोडून वाकडी वाट करून उंब्रजला येऊन आमच्याच मोटारीनं साताऱ्याला जायची, हे मात्र जरा फारच झालं. उदबत्त्या तुळशीपाशी गेल्या. मामंजी रोज तिथं उभे राहून लांबनं मोटारीला हात जोडायचे. माझ्याशी बोलणं आधीही नव्हतंच, आता माझ्याकडे बघणंही बंद झालं. ते मला माफ करणार नाहीत अशी माझी खात्री झाली होती. हे रोज टाकीवर बसून सुखरूप परत येत होते, तेवढं मला पुरे होतं. तरी वाईट वाटायचं ते वाटायचंच.

मग थंडीत मला पडसं आलं. असं की नाक म्हणजे नुसता शोभेचा अवयव. सकाळी मी जोडाशी वाकले, हुंगलं, तर काहीच नाही. पेट्रोल नाही, तेल नाही, शेण नाही. बोट फिरवलं तर बोटं गारठून बधिर, ओलं आहे की नुसतं थंड आहे ते कळेना. पुन्हा पुसलं, पुन्हा थांबले. उतारू कुरकुरायला लागले. हे गादीवर बसून वाट बघत होते. 'असेल कोरडं' असं म्हणून सोडून द्यावं, तर त्या गादीखाली काय आहे ते मला माहीत. आणि 'आहे कोरडं' असं म्हणायचं, तर कशाच्या जोरावर? माझं रडू फुटायच्या बेतात होतं.

मागं कुणीतरी खाकरलं. मी पदर ओढून बाजूला झाले. मामंजी तुळशीपासून चालत आले होते. त्यांनी धोतराचा सोगा कमरेला खोचला, माझ्या हातातलं फडकं घेतलं आणि गुडघे टेकून मोटारीशी बसले. भुवया एव्हाना थोड्या उगवल्या होत्या, पांढऱ्या. जोड पुसला. तोंडानं काहीतरी मोजत थांबले. मग बोट फिरवलं, ते नाकाशी नेलं, पुन्हा फिरवलं, गालाला लावून बघितलं. कढईजवळ उभे असताना असेच दिसत असतील. कितीतरी वेळ बघत होते.

मग ते उठले आणि भिंतीकडे नाही, सासूबाईंकडे नाही, सरळ माझ्याकडे बघून म्हणाले, "कोरडं हाय, पोरी. जाऊ देऊ का त्येला?"

माझा आवाज पडशानं बसला होता. मी मान हलवली. पण त्यांना ते पुरेना, ते तसेच उभे राहिले. मग मी म्हटलं, "जाऊ द्या, मामंजी." तेव्हा ते बाजूला झाले, आणि ह्यांनी हँडल मारायला खाली उडी घेतली.